चाळीतील खोलीतील झुरळे : फॉगरचा धोका आणि खात्रीचा बंदोबस्त

कोकणात आणि घाटमाथ्यावर असे गाव क्वचितच सापडेल, की ज्या गावची माणसे मुंबईत नाहीत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील चाळींमधून आपले भाऊ, मुले, लेकी-सुना राहतात. गिरणगावात तर एकेका गावच्या मंडळाने घेतलेल्या सामायिक खोल्या असत आणि गावाहून गेलेला माणूस प्रथम तेथेच उतरत असे. आजही तांदळाची पोती, नारळ, कोकम, आंब्याच्या पेट्या गावाहून मुंबईस जातात आणि गणपती-शिमग्याला मुंबईची माणसे सामानसुमान घेऊन गावी येतात.

या ये-जा करण्यातून दोन गोष्टी नकळत घडतात. मुंबईच्या खोलीतील झुरळे खोक्यांतून व पिशव्यांतून गावच्या घरात येतात. आणि गावातील शेतीचे कीटकनाशक 'जालीम औषध' म्हणून मुंबईच्या खोलीत जाते. त्यातच अलीकडे बटण दाबून खोलीत ठेवावयाचे फवाऱ्याचे डबे, म्हणजे फॉगर, घरबसल्या मागविता येऊ लागले आहेत. खोलीस कुलूप लावून गावी निघताना असा एखादा डबा सोडून जावा, म्हणजे परत येईपर्यंत झुरळे मेलेली असतील, अशी कल्पना अनेकांची असते. ही कल्पना का चुकीची आहे, फॉगर वापरावयाचाच झाल्यास कोणती काळजी घ्यावी आणि झुरळांचा खात्रीचा बंदोबस्त कसा करावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

किडीची ओळख व जीवनक्रम

कोणत्याही किडीचा बंदोबस्त करण्यापूर्वी ती कीड ओळखणे आवश्यक असते. मुंबईच्या घरांत प्रामुख्याने दोन प्रकारची झुरळे आढळून येतात.

पहिले मोठे तांबूस-तपकिरी झुरळ. यास अमेरिकन झुरळ म्हणतात. त्याची लांबी साधारणपणे साडेतीन ते चार सेंटिमीटर असते. गटारे, शौचालये, मोरीचे नळ व ओलसर कोपरे ही त्याची राहण्याची ठिकाणे होत. मादी अंडीकोष एखाद्या आडोशाला चिकटवून ठेवते व एका कोषात १४ ते १६ अंडी असतात. हे झुरळ घरात बहुधा मोरीच्या वाटेने येते.

दुसरे लहान, फिकट तपकिरी झुरळ. यास जर्मन झुरळ म्हणतात. त्याची लांबी अवघी १२ ते १५ मिलिमीटर असून डोक्यामागील भागावर दोन काळसर उभे पट्टे असतात. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिजची मागील बाजू, कपाटाच्या बिजागऱ्या, मिक्सरचा खालचा भाग, गॅसच्या शेगडीखालची जागा येथे ते समूहाने राहते. मादी अंडीकोष पोटाच्या टोकास धरून ठेवते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारासच तो सोडते. एका कोषात ३० ते ४० अंडी असतात. पिल्ले दोन ते तीन महिन्यांत प्रौढ होतात व एक मादी आयुष्यात चार ते आठ कोष देते. यावरून या किडीची वाढ किती झपाट्याने होते याची कल्पना यावी. हे झुरळ उडून दुसरीकडे जात नाही. त्याचा प्रसार माणसाच्या सामानातून, विशेषतः पुठ्ठ्याची खोकी, बारदान, रिकाम्या क्रेट व जुनी विजेची उपकरणे यांतून होतो.

झुरळे गटारातून अन्नावर व अन्नावरून पुन्हा गटारात फिरत असल्याने हगवण व अन्नविषबाधा यांच्या जंतूंचा प्रसार त्यांच्यामार्फत होऊ शकतो. त्यांची विष्ठा व कातीचे कण श्वासावाटे गेल्यास दम्याचा त्रास बळावतो. म्हणून त्यांचा बंदोबस्त करणे जरुरीचे आहे, यात शंका नाही. प्रश्न फक्त पद्धतीचा आहे.

फॉगर कसे काम करतो

फॉगरच्या डब्यात कीटकनाशक, त्यास विरघळविणारे द्रावण आणि दाबाखाली भरलेला वायू असतो. वरची कळ दाबून अडकविली, की डब्यातील संपूर्ण औषध काही मिनिटांत बारीक धुक्याच्या रूपाने बाहेर पडते. एकदा सुरू झालेला डबा मध्येच थांबविता येत नाही. साध्या फवाऱ्याच्या डब्यात आणि फॉगरमध्ये हाच मुख्य फरक आहे. यातील कीटकनाशक बहुधा पायरेथ्रॉइड गटातील, म्हणजे आपण कापसावर व भाजीपाल्यावर वापरतो त्या सायपरमेथ्रीनच्या जातकुळीतील असते.

धुके हवेत तरंगते व नंतर हळूहळू खाली बसते. त्यामुळे ते उडणाऱ्या किडीस लागू पडते. मुंबई महानगरपालिकेचे कर्मचारी गल्लीतून यंत्राने धूर मारतात, तो डासांसाठी असतो. डास हवेत उडत असताना औषधाचे थेंब त्याच्या अंगाला लागतात. झुरळ मात्र दिवसाचा बहुतेक वेळ फटीत दडून राहते. त्याचे लहान पिल्लू तर दीड-दोन मिलिमीटरच्या फटीतही शिरते. धुके ओट्यावर, जमिनीवर, अंथरुणावर बसते. फटीच्या आत फारसे जात नाही. खोडकिडा खोडाच्या आत असताना पानांवर भुकटी मारण्यासारखाच हा प्रकार होय.

याखेरीज आणखी दोन कारणे आहेत. एक, अंडीकोषाच्या कठीण आवरणातून बहुतेक कीटकनाशके आत शिरत नाहीत. त्यामुळे प्रौढ मेले तरी काही दिवसांनी नवी पिल्ले बाहेर पडतात. दुसरे, जर्मन झुरळामध्ये पायरेथ्रॉइड औषधांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचे जगभर आढळून आले आहे. हिरव्या बोंडअळीच्या बाबतीत कापूस उत्पादकांनी जो अनुभव घेतला, तोच येथे येतो.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये यासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. राहत्या २० घरांत चार प्रकारचे फॉगर वापरून पाहण्यात आले व १० घरांत जेलच्या स्वरूपातील आमिष लावण्यात आले. फॉगर सोडलेल्या घरांत महिन्यानंतरही झुरळांची संख्या घटल्याचे आढळले नाही. आमिष लावलेल्या घरांत मात्र ती मोठ्या प्रमाणात घटली. शिवाय फॉगर वापरलेल्या घरांतील जमिनीवर व ओट्यावर कीटकनाशकाचा अंश कितीतरी पटीने वाढलेला आढळला. थोडक्यात, औषध झुरळापर्यंत न पोहोचता माणसाच्या हातापायांपर्यंत पोहोचले.

चाळीत धोका अधिक का?

चाळीतील खोलीची रचना लक्षात घेतली असता पुढील तीन धोके स्पष्ट होतात.

१) शेजाऱ्यांना विषबाधा : चाळीत एका मजल्यावरील सर्व खोल्यांची दारे एकाच गॅलरीत उघडतात. दारावरील झरोके उघडे असतात. गिरगावातील जुन्या चाळींत लाकडी तक्तपोशी व दोन खोल्यांमध्ये लाकडी आडोसेही आढळतात. आपल्या खोलीत सोडलेले धुके फटींतून शेजारच्या खोलीत व वरच्या मजल्यावर जाते. तेथे तान्हे मूल असेल, दमेकरी म्हातारे माणूस असेल, तर त्यास त्रास होतो आणि त्याचे कारण त्या घरास कळतही नाही. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात आठ राज्यांत फॉगरमुळे आजारी पडल्याची वा इजा झाल्याची ४६६ प्रकरणे नोंदली गेली. वेळेत खोलीबाहेर न पडणे, लवकर परत आत जाणे, एकाच वेळी अनेक डबे सोडणे आणि शेजाऱ्यांना न कळविणे ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

२) आग व स्फोट : डब्यातील वायू बहुधा ज्वलनशील असतो. प्रोपेन-ब्युटेन प्रकारचा वायू हवेत सुमारे दोन टक्के झाला, की ठिणगीने पेट घेऊ शकतो. एका लहान डब्याने सबंध खोलीत एवढे प्रमाण होत नाही हे खरे. परंतु हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. ओट्याखालील दहा घनफुटांच्या बंद कप्प्यात १५ ग्रॅमपेक्षाही कमी वायू स्फोटक मिश्रण होण्यास पुरेसा असतो. चाळीतील एकाच खोलीत गॅसची शेगडी, फ्रिज, विजेचे मीटर आणि देवापुढील समई अशी सर्व ठिणगीची ठिकाणे असतात. न्यू यॉर्क शहराच्या चायनाटाऊन भागात जुलै २०१३ मध्ये एका पाच मजली इमारतीत एकाच वेळी सुमारे दोन डझन फॉगर सोडल्यामुळे स्फोट होऊन इमारतीचा काही भाग कोसळला व अनेक जण जखमी झाले. लालबागच्या गणेश गल्लीतील साराभाई इमारतीत ६ डिसेंबर २०२० रोजी झालेला स्फोट फॉगरचा नव्हता, तो स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीचा होता. परंतु दाटीच्या जुन्या इमारतीत साचलेला वायू पेटला म्हणजे काय होते, ते त्यावरून दिसून आले. त्यात अनेक जण भाजले व त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला.

३) अन्न व अंथरूण दूषित होणे : एकाच खोलीत स्वयंपाक, जेवण व झोपणे होत असल्याने धुक्याचा थर पाण्याच्या पिंपावर, भांड्यांवर, धान्यावर व गाद्यांवर बसतो. रांगणारे मूल जमिनीवर हात टेकून तेच हात तोंडात घालते.

मात्रा कशी काढावी?

शेतात आपण एकरी मात्रा पाहतो. घरात मात्रा घनफुटांवर ठरते. खोलीची लांबी, रुंदी व उंची यांचा फुटांत गुणाकार केला असता घनफूट मिळतात.

उदाहरणार्थ, वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींमधील खोली १६० चौरस फुटांची. उंची १० फूट धरल्यास १६० × १० = १६०० घनफूट. बाजारातील फॉगरचे काही डबे सुमारे दोन हजार घनफुटांसाठी, तर काही पाच-सहा हजार घनफुटांसाठी बनविलेले असतात. पाच हजार घनफुटांचा डबा या खोलीत सोडल्यास शिफारशीच्या तिपटीहून अधिक मात्रा होते. त्यात 'एकाने भागणार नाही' म्हणून दोन डबे सोडले, तर ती सहापटीवर जाते. पिकावर सहापट औषध मारण्याचा विचार आपण करणार नाही. मग ज्या खोलीत आपली मुलेबाळे झोपतात तेथे तो का करावा? माळा, कपाटे व सामान यांनी व्यापलेली जागा वजा केली, तर प्रत्यक्ष हवेची जागा आणखी कमी भरते, हेही ध्यानात ठेवावे.

फॉगर वापरावयाचाच असल्यास

झुरळांसाठी फॉगरची गरज सहसा पडत नाही. तरीही कोणी वापरणार असेल, तर पुढील काळजी घ्यावी.

वापरण्यापूर्वी :
१) डब्यावर कीटकनाशक कायदा, १९६८ खालील नोंदणी क्रमांक, औषधाचे नाव, उत्पादनाची व मुदतीची तारीख, विषारीपणा दर्शविणारा रंगीत त्रिकोण आणि वापराची माहिती छापलेली आहे याची खात्री करावी. नोंदणी क्रमांक नसलेला व अनोळखी भाषेतील मजकुराचा डबा घेऊ नये.
२) एका खोलीत एकच डबा व तोही खोलीच्या घनफुटांस योग्य असाच घ्यावा. योग्य मापाचा डबा मिळत नसेल तर वापरू नये. मोरी, ओट्याखालचा कप्पा, माळा किंवा कपाट अशा कोंदट जागेत डबा मुळीच सोडू नये.
३) मजल्यावरील व वरच्या-खालच्या खोल्यांतील सर्वांना आदल्या दिवशी सांगावे. कोणाकडे लहान मूल, गरोदर स्त्री, आजारी किंवा दमेकरी व्यक्ती असल्यास बेत रद्द करावा.
४) वेळ दिवसाची निवडावी. रात्री सर्व चाळ झोपलेली असताना डबा सोडू नये.
५) धान्य, पाणी, भांडी, कपडे, अंथरूण व मुलांची खेळणी खोलीबाहेर न्यावीत किंवा प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळावीत. पोपट, मांजर, माशांची पेटी बाहेर हलवावी. पायरेथ्रॉइड औषधे माशांना अतिशय विषारी असतात.
६) समई, निरांजन, उदबत्ती विझवावी. गॅसची शेगडी व सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. नळाचा गॅस असल्यास मुख्य चावी बंद करावी. फ्रिज व इतर उपकरणांच्या पिना अगोदरच काढून ठेवाव्यात.

वापरताना :
७) डबा खोलीच्या मध्यभागी स्टुलावर वर्तमानपत्र अंथरून, शेगडी व विजेच्या बटणांपासून दूर ठेवावा. कळ दाबताना तोंड बाजूला ठेवावे व ताबडतोब बाहेर पडावे. दार लावून खालच्या फटीस ओले फडके लावावे आणि झरोका अगोदरच कागदाने बंद करावा.
८) नाकावर रुमाल बांधून आत थांबू नये. कापड औषधाची वाफ अडवीत नाही.

वापरल्यानंतर :
९) डब्यावर दिलेला वेळ, जो साधारणपणे दोन ते चार तास असतो, पूर्ण झाल्याशिवाय आत जाऊ नये.
१०) प्रथम एकाच मोठ्या माणसाने आत जाऊन खिडक्या उघडाव्यात व परत बाहेर यावे. त्या वेळी दिवा किंवा पंखा लावू नये. दार गॅलरीत उघडत असल्याने शेजाऱ्यांना थोडा वेळ त्यांची दारे लावून घेण्यास सांगावे. किमान एक तास हवा खेळू द्यावी.
११) ओटा, जमीन, पिंपाची बाहेरची बाजू साबणाच्या पाण्याने पुसून काढावी. उघडे राहिलेले अन्न व पाणी टाकून द्यावे.
१२) रिकामा डबा जाळू नये, ठोकू नये व त्यास भोक पाडू नये.

डबा सोडून, खोलीस कुलूप लावून गावी निघून जाणे हा सर्वांत वाईट प्रकार होय. मागे राहिलेल्या शेजाऱ्यांना वास आला तर खिडकी उघडण्यास कोणी नसते, आणि आतील धुके दिवसभर गॅलरीत झिरपत राहते.

शेतातील औषधे घरात नकोत

ज्या कीटकनाशकाची शिफारस पिकासाठी आहे, ते घरात वापरू नये. पिकावरील औषध उन्हाने, वाऱ्याने व पावसाने कमी होत जाते. बंद खोलीत तसे होत नाही. ते भिंतींवर व कपड्यांवर दीर्घकाळ टिकते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. उघड्या शेतात जे औषध जीव घेते, ते १६० चौरस फुटांच्या खोलीत पाठीवरच्या पंपाने मारणे किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगावयास नको.

डायक्लोरव्हॉस, ज्यास आपण पूर्वीपासून 'नुवान' या व्यापारी नावाने ओळखतो, ते झुरळे व ढेकूण यांच्यासाठी सर्रास वापरले जाई. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्यावर देशात बंदी आहे. जुनी बाटली शिल्लक असल्यास ती मुंबईस पाठवू नये व स्वतःही वापरू नये.

धान्याच्या पोत्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी तर विशेष सावधगिरी हवी. हवेतील ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू निघतो. मुंबईच्या दमट हवेत तो लवकर निघतो व भिंतीपलीकडील खोलीतही पोहोचतो. या विषावर कोणताही उतारा नाही. या गोळ्यांची सर्वसामान्यांना विक्री करण्यास मनाई आहे. राहत्या घरात, पोत्यात घालून किंवा उघड्या, कोणत्याही प्रकारे त्या ठेवू नयेत. गावाहून पाठवावयाच्या तांदळाच्या पोत्यात गोळी राहिलेली नाही ना, हे पाठविणाऱ्याने स्वतः पाहावे.

विषबाधा झाल्यास

पायरेथ्रॉइड औषधाने डोळ्यांची आग, कातडीस मुंग्या येणे, खोकला, डोकेदुखी, मळमळ व दम लागणे ही लक्षणे दिसतात. डायक्लोरव्हॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधाने घाम व लाळ सुटणे, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू थरथरणे व श्वास घेण्यास त्रास होणे ही लक्षणे दिसतात. अशा वेळी :

रोग्यास ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे. कपडे सैल करावेत; औषध लागलेले कपडे काढून कातडी साबण व भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेल्यास १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. दूध, तूप, तेल पाजू नये. शुद्ध हरपली असल्यास कुशीवर वळवून ठेवावे व तोंडावाटे काहीही देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. परळचे के.ई.एम., मुंबई सेंट्रलचे नायर किंवा भायखळ्याचे जे.जे. यांपैकी जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल डॉक्टरांना दाखवावे. कोणते विष आहे हे कळल्यास योग्य उपचार लवकर सुरू होतात. आग लागल्यास १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे.

खात्रीचा उपाय : आमिष व स्वच्छता

शेतात आपण एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा अवलंब करतो. घरातही तेच तत्त्व लागू पडते. प्रथम कीड कोठे आहे ते पाहावे, तिचे अन्न, पाणी व आसरा तोडावा आणि शेवटी औषध नेमक्या जागी, कमीत कमी वापरावे.

पाहणी : रात्री दिवे मालवल्यानंतर अर्ध्या तासाने विजेरी घेऊन ओट्याखाली, फ्रिजमागे, मोरीजवळ पाहावे. मिरपुडीसारखे काळे ठिपके म्हणजे झुरळांची विष्ठा. बाजारात मिळणारे चिकट सापळे या जागी तीन-चार रात्री ठेवल्यास कोठे किती प्रादुर्भाव आहे ते समजते. पिकात चिकट व कामगंध सापळे लावून आपण हेच करतो.

आसरा व पाणी तोडणे : गळके नळ दुरुस्त करावेत. रात्री खरकटी भांडी व ओला कचरा ठेवू नये. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी. ओटा व भिंत यांमधील, तसेच नळाभोवतीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवाव्यात. जुनी वर्तमानपत्रे व पुठ्ठ्याची खोकी माळ्यावर साठवू नयेत. गावाहून आलेले धान्य पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.

जेल आमिष : आपल्याकडे झुरळांसाठी इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के जेल व फिप्रोनिल ०.०५ टक्के जेल उपलब्ध आहेत. पिचकारीसारख्या नळीतून मसुराच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान ठिपके फटींच्या तोंडाशी, बिजागऱ्यांच्या आत, फ्रिजच्या मोटारीजवळ, ओट्याच्या खालच्या कडेस लावावेत. एकाच ठिकाणी मोठा गोळा लावण्यापेक्षा अनेक ठिकाणी लहान ठिपके लावणे अधिक परिणामकारक ठरते. ठिपक्यांची संख्या लेबलप्रमाणे ठेवावी. झुरळ आमिष खाऊन परत फटीत जाते व तेथेच मरते. इतर झुरळे, विशेषतः पिल्ले, त्याची विष्ठा व मेलेले झुरळ खातात व तीही मरतात. जेथे धुके पोहोचत नाही, तेथे औषध झुरळच वाहून नेते.

जेल लावलेल्या जागी फवारा मारू नये व ती जागा साबणाने धुऊ नये. फवाऱ्याच्या वासाने झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत. अंडीकोषांतून निघणाऱ्या पिल्लांसाठी दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा पाहणी करून संपलेले ठिपके परत लावावेत. मुलांच्या हातास लागेल अशा उघड्या जागी जेल लावू नये.

बोरिक पावडर : फ्रिजमागे व कपाटाखाली, कोरड्या जागी अतिशय पातळ थर द्यावा. ढीग केल्यास झुरळे त्यास वळसा घालून जातात. ही पावडर मिठासारखी दिसते, म्हणून ती स्वयंपाकाच्या डब्यांजवळ ठेवू नये व मुलांपासून दूर ठेवावी.

गावी जाण्यापूर्वीचे वेळापत्रक

खोली बंद असण्याचा काळ हाच खरे तर आमिष लावण्यास सर्वांत उत्तम असतो. स्वयंपाक बंद, खरकटे नाही, पाणी नाही, अशा वेळी झुरळास जेलशिवाय दुसरे अन्न मिळत नाही. म्हणून गणपतीला किंवा मे महिन्यात गावी निघण्यापूर्वी पुढीलप्रमाणे नियोजन करावे.

पंधरा दिवस अगोदर : सापळे लावून पाहणी, फटी बुजविणे, नळांची दुरुस्ती.
दोन दिवस अगोदर : ओटा व कपाटे रिकामी करून धुणे व पूर्ण वाळविणे.
निघण्याच्या दिवशी : कचरा बाहेर टाकणे, पिंप झाकणे, मोरीची जाळी बसविणे, शेवटी जेलचे ठिपके लावणे.
सामान बांधताना : जुनी खोकी वापरू नयेत. पिशव्या व मिक्सर, पंखा यांसारखी उपकरणे झटकून पाहावीत, म्हणजे मुंबईचे झुरळ गावच्या माजघरात जाणार नाही.
परत आल्यावर : मेलेली झुरळे केरसुणीने गोळा करून टाकणे व पुन्हा सापळे लावून पाहणे.

दादरच्या फुलबाजारात माल पाठविणाऱ्या बागायतदारांनी परत येणारी बारदाने, टोपल्या व क्रेट घरात न आणता बाहेर उन्हात झटकून वाळवावीत.

एका खोलीने भागत नाही

पहिल्या वळिवानंतर हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर व बोरीवर गोळा होतात, तेव्हा एकट्या शेतकऱ्याने ते वेचून उपयोग होत नाही. सर्व गावाने एकाच वेळी मोहीम घ्यावी लागते. चाळीतील झुरळांचेही तसेच आहे. एका खोलीत धूर मारल्यास झुरळे नळाच्या व विजेच्या वाहिनीतून शेजारी जातात व काही दिवसांनी परत येतात. म्हणून किमान एका मजल्यावरील सर्व खोल्यांत एकाच आठवड्यात जेल लावावे. सामायिक शौचालये, कचऱ्याची जागा व गटाराची झाकणे यांची दुरुस्ती चाळीच्या समितीमार्फत करून घ्यावी. व्यावसायिक मदत घ्यावयाची झाल्यास कीटकनाशक कायद्याखालील परवाना असलेल्या व्यावसायिकाकडूनच घ्यावी, कोणते औषध वापरणार हे लेखी विचारावे आणि किती तास खोली बंद ठेवावयाची ते सर्व मजल्यास कळवावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, औषधाचे लेबल वाचण्याची, मात्रा मोजण्याची व वाऱ्याची दिशा पाहण्याची सवय शेतीने आपणास लावली आहे. मुंबईतील आपल्या माणसांना ही सवय असतेच असे नाही. पुढच्या वेळी त्यांनी गावाकडून 'जालीम औषध' मागविले, तर बाटली न पाठविता वरील माहिती पाठवावी. धुरापेक्षा मसुराएवढा ठिपका अधिक काम करतो व त्यात भिंतीपलीकडील शेजाऱ्यासही धोका नसतो. याप्रमाणे सर्वांनी मिळून उपाययोजना केल्यास झुरळांचा बंदोबस्त कमी खर्चात व सुरक्षितपणे होऊ शकतो.